पाळणाघरांतील पादत्राणांचा नियम

मूल घरांत आलें म्हणजे आजीच्या मांडीवर किंवा आत्याच्या कडेवर त्याची सोय आपोआप होत असे. अशीं घरें शहरांत आतां थोडीं उरलीं आहेत. आई आणि वडील दोघेंहि कामावर जातात, आजी गांवीं असते किंवा स्वतःच अद्याप नोकरींत असते. म्हणून पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या वस्त्यांतून एखाद्या जिन्याशीं ‘पाळणाघर’ अशी लहानशी पाटी दिसते. हें पाळणाघर म्हणजे मोठी संस्था नव्हे. ती कोणा काकूंची बैठकीची खोली असते. दुपारीं तेथें चटया पसरतात आणि रात्रीं त्याच जागीं घरच्या माणसांचीं अंथरुणें पडतात. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनांनीं मुलांच्या सांभाळाची सोय केली पाहिजे, असें बंधन २०१७ सालच्या प्रसूति-लाभ कायद्याच्या दुरुस्तीनें घातलें खरें. परंतु शेजारधर्मावर आणि विश्वासावर चालणाऱ्या या घरगुती पाळणाघरांतील रोजचे बारीकसारीक नियम काकूंना स्वतःच ठरवावे लागतात.

सकाळीं साडेआठ ते साडेनऊ या एका तासांत त्या दारांतून आठ-दहा मुलें आंत येतात आणि त्यांच्यासवें सोळा-वीस पादत्राणें येतात. बकलाचे सँडल, नाडीचे बूट, पाऊल पडतांच पीं-पीं करणारीं रंगीत पायताणें, थोरल्या भावाच्या पायांतून उतरलेल्या सैल चपला. आणि एखादें पाऊल अनवाणीच, कारण त्याचा जोड रिक्षांत पडलेला असतो. दार उघडणाऱ्या काकूंना पहिला नियम करावा लागतो तो जेवणाचा नव्हे, झोपेचाहि नव्हे. तो या पायताणांचा होय.

हा नियम बहुधा फरशीकडे पाहून केला जातो. ‘माझी फरशी सकाळींच पुसून होते, तेव्हां चपला बाहेर’ असें काकू सांगतात आणि तें त्यांच्या दृष्टीनें योग्यहि असतें. उलट कांहीं ठिकाणीं मुलांना दिवसभर बूट-मोज्यांतच ठेवण्याची रीत असते. संध्याकाळीं न्यावयास आलेल्या आईला मूल सकाळीं सोडलें होतें तसेंच टापटिपीचें दिसावें, ही त्यामागची इच्छा. पहिला नियम फरशीसाठीं, दुसरा पालकांच्या डोळ्यांसाठीं. ज्या पायासाठीं तो व्हावयाचा तो पाय मात्र कोणाच्याच हिशेबांत नसतो.

आणि तो पाय विचार करण्याजोगा आहे. लहान मुलाचें पाऊल म्हणजे मोठ्या माणसाच्या पावलाची छोटी प्रतिकृति नव्हे. प्रौढाच्या एका पावलांत २६ हाडें असतात. तान्ह्या मुलाच्या पावलांत त्यांतील कित्येक अद्याप हाडें झालेलींच नसतात. तीं मऊ कूर्चेच्या रूपांत असतात आणि वर्षानुवर्षें हळूहळू कठीण होत जातात. अशा पावलावर तंग बूट चढविला तर मूल लगेच रडेल, अशी समजूत असते. तें बहुधा रडत नाहीं. पाऊलच मऊ असल्यामुळें तें बुटाच्या आकाराप्रमाणें दबून जातें आणि मूल खेळत राहतें. तक्रार नाहीं म्हणजे त्रास नाहीं, हा निष्कर्ष येथें चालत नाहीं.

मोठ्या माणसाचें ओलें पाऊल फरशीवर उमटलें म्हणजे आंतल्या बाजूस कमानीची मोकळी जागा दिसते. दोन वर्षांच्या मुलाच्या ठशांत ती शोधूनहि सांपडत नाहीं, कारण त्या जागीं चरबीची एक गादी असते. पुष्कळ आई-बाप हा सपाट ठसा पाहून घाबरतात आणि आधार दिलेले जाड, महाग बूट घेऊन येतात. वस्तुतः कमान पहिल्या काही वर्षांत आपल्या गतीनें वर येते. चवड्यावर उभें राहून खिडकींतून डोकावणें, बोटांनीं जमीन धरून उकिडवें बसणें, गादीवरून उतरतांना पाय चाचपडणें, हाच त्या पावलाचा व्यायाम असतो. आणि तो दिवसभर फुकट चाललेला असतो, पाऊल मोकळें असेल तर.

या बाबतींतली एक मोलाची पाहणी आपल्याच देशांत झाली. कर्नाटकांतील मणिपाळ येथील कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनीं ४ ते १३ वर्षांच्या सुमारें २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणें घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचें प्रमाण शेंकडा ८.६ आढळलें, अनवाणी वावरणाऱ्या मुलांत तें शेंकडा २.८ होतें. त्यांतहि पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत हें प्रमाण सर्वांत अधिक होतें आणि सँडल व चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. पुढें १९९५ सालीं तेथूनच १,८४६ मोठ्या माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. सहा वर्षांचे होण्यापूर्वींच बूट घालूं लागलेल्यांत सपाट पावलें अधिक दिसलीं. एका-दोन पाहण्यांवरून साऱ्या जगाचा निकाल लावूं नये, आणि सपाट पाऊल असलेलीं कित्येक माणसें जन्मभर विनातक्रार चालतात, हेंहि खरें. तथापि घराच्या आंत, स्वच्छ व कोरड्या जमिनीवर, चालावयास शिकणाऱ्या मुलाच्या पायांत बूट ठेवण्याचें कारण काय, असा प्रश्न विचारला तर समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. बुटाचें काम दगड, कांच, ऊन आणि घाण यांपासून रक्षण करण्याचें. ज्या खोलींत यांतलें कांहींच नाहीं, तेथें तो पहारेकरी बाहेर उभा केलेलाच बरा.

दुसरें कारण रांगणाऱ्या मुलांचें. घरगुती पाळणाघरांत एकाच फरशीवर तीन पिढ्या नांदतात असें म्हटलें तरी चालेल: रांगणारीं, चालणारीं आणि धांवणारीं. चार वर्षांचा मुलगा बूट घालून खोलीभर फिरला तर त्याचें स्वतःचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें दहा महिन्यांच्या तान्ह्याचें, कारण त्याचे तळहात त्याच फरशीवर टेकलेले असतात आणि तेच हात पुढच्या क्षणीं तोंडांत जातात. बुटाच्या तळव्याला रस्त्यावरची थुंकी, कुत्र्यांची घाण आणि वाहनांची काजळी लागलेली असते. शेजारच्या इमारतीचा जुना रंग खरवडणें चालूं असेल तर त्याची भुकटीहि येते. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम भारतांत २०१६ सालीं झाला. परंतु त्याआधीं दिलेले रंग अजून पुष्कळ भिंतींवर आहेत, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस फार घातक असतें. दारांत पायपुसणें घालून हा प्रश्न अर्धाच सुटतो. तळवा पुसला जातो. त्याच्या खांचांतून बसलेली माती तशीच आंत येते.

येथें एका गैरसमजाला जागा आहे. ‘अनवाणी चांगलें’ एवढेंच ऐकून कोणी मुलांना इमारतीमागच्या ओल्या मातींत मोकळ्या पायांनीं सोडील, तर नियमाचा अर्थच उलटा होईल. १८९० नंतरच्या दशकांत आर्थर लूस नांवाचा एक जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमधील कैरो येथें अंकुशकृमींचा अभ्यास करीत होता. अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब चुकून त्याच्या हातावर सांडले. त्या जागीं आग झाली, खाज सुटली. आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्याच विष्ठेंत त्या कृमींचीं अंडीं सांपडलीं. कृमि तोंडावाटेंच पोटांत जातो, या समजाला त्या सांडलेल्या थेंबांनीं धक्का दिला. तो उघड्या कातडींतून शिरतो, रक्तावाटें फुप्फुसांत आणि तेथून आंतड्यांत पोंचतो, आणि तेथें राहून रक्त शोषितो. मूल फिकट पडतें, दमतें आणि अभ्यासांत मागें राहतें. या अळ्यांना माणसाच्या विष्ठेनें दूषित झालेली उबदार, ओलसर, सावलींतली माती लागते. धुतलेल्या फरशीवर त्या जगत नाहींत. म्हणून खोलींत पाय मोकळे आणि मातींत पाय झांकलेले, हे दोन विरुद्ध दिसणारे नियम एकाच विचारांतून निघतात. बागेंतील वाळूंत कुत्री-मांजरें घाण करतात, त्यांच्या कृमींच्या अळ्याहि मुलांच्या कातडीखालीं शिरून नागमोडी, खाजरे व्रण उठवितात. भारतांत २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या नेमलेल्या तारखा. १ ते १९ वर्षांच्या मुलांना त्या निमित्तानें गोळी देतात. काकूंनीं या तारखांवर दिनदर्शिकेंत खूण करून पालकांना आठवण द्यावी. गोळी देण्याचें काम मात्र आरोग्यसेविकेकडे किंवा डॉक्टरांकडे असूं द्यावें.

मोज्यांची गोष्ट थोडक्यांत उरकतां येईल. बूट काढले आणि मोजे राहिले, ही सर्वांत वाईट स्थिति. अलीकडच्या गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनीं धांवणारें मूल म्हणजे तेलावरून धांवणारें मूल. मोजे बुटाबरोबरच निघाले पाहिजेत.

मोरीचा प्रश्न यापेक्षां अवघड आहे. पुष्कळ घरांतून मोरीच्या दाराशीं मोठ्या माणसांच्या रबरी चपलांचा एक जोड असतो आणि मुलें त्यांतच पाय सरकवून आंत जातात. दुप्पट लांबीच्या चपलेंत तीन वर्षांचें मूल ओल्या फरशीवर उभें राहिलें तर तें पडणारच; आणि तोच जोड दहा जणांच्या पायांत गेला तर एकाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या दहा जणांना होतील. मोरी कोरडी ठेवणें हा पहिला उपाय. मुलागणिक त्याच्या मापाच्या रबरी चपला पालकांकडून मागून घेऊन मोरीजवळ मांडणें हा दुसरा. दोन्ही जमले नाहींत तर मोठ्यांचा जोड मुलांच्या हातीं लागणार नाहीं इतक्या उंचीवर ठेवून, मुलाचा हात धरून त्याला अनवाणी न्यावें आणि बाहेर आल्यावर पाय पुसावे. खर्चाचा विचार करतां बहुतेक ठिकाणीं हाच मार्ग चालतो, आणि तो वाईट नाहीं.

पावसाळ्यांत सगळाच क्रम बदलतो. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसनें माणसें दगावलीं. उंदीर-घुशींच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून जातांना पायाला लहानशी चीर असली तरी तो रोग शरीरांत शिरतो. म्हणून साचलेल्या पाण्यांतून मूल चालत आलें असेल तर दारांतच त्याचे पाय साबणानें धुवून, पुसून, चीर किंवा फोड आहे का हें पाहावें. लांब गमबुटांवर पुष्कळांचा भरंवसा असतो. पण वरून एकदां पाणी आंत शिरलें कीं तोच बूट पाण्याचा हंडा होतो आणि मूल दिवसभर त्यांत पाय भिजवीत बसतें. ओले बूट उलटे करून, वर्तमानपत्राचा बोळा घालून वाऱ्यावर ठेवावे. संध्याकाळीं घालण्यापूर्वीं प्रत्येक जोड एकदां झटकावा. खेड्यांत विंचवासाठीं हें करतात. शहरांत झुरळासाठींहि तें करण्यासारखें आहे.

पादत्राण मापाचें असावें, हें काकूंच्या हातांत नसतें. परंतु तें बेमापाचें झालें आहे हें सर्वांत आधीं त्यांनाच कळतें, कारण रोज तें काढलेलें त्या पाहतात. बोटांवर लाल वळ, टांचेवर पाण्याचा फोड, चालतांना मागें फटफट करणारी चपल, या तीन गोष्टी पुरेशा आहेत. मध्यमवर्गीय घरांत बूट दोन वर्षें पुरावा म्हणून दोन बोटें मोठा घेण्याची काटकसर चालते. त्यापायीं मूल अडखळतें, आणि तो बूट मापाचा होईपर्यंत फाटलेला असतो. सर्वांत लांब बोटाच्या पुढें मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असली म्हणजे पुरे. तीन वर्षांखालील मुलाचें माप दर दोन-तीन महिन्यांनीं, संध्याकाळीं, त्याला उभें करून पाहावें. थोरल्याचे झिजलेले बूट धाकट्याला देण्यांत काटकसर आहे, पण तळवा एका बाजूस झिजलेला असेल तर थोरल्याची चाल धाकट्याच्या पायांत घातल्यासारखें होतें.

आतां नियम ठरला, परंतु तो पाळणार कोण? येथेंच बहुतेक पाळणाघरांची घडी विस्कटते. काकू किंवा त्यांची मदतनीस बाई दारांत वांकून दहा मुलांचे वीस बूट स्वतः ओढून काढते; कामें झटपट होतात, कंबर दुखते आणि मूल पाय पुढें करून राजासारखें उभें राहावयास शिकतें. दोन वर्षांचें मूल पायांतलें काढूं शकतें. तीन वर्षांचें मूल नाडी नसलेला बूट कसाबसा चढवूं शकतें. नाडीची गांठ मात्र पांच-सहा वर्षांपर्यंत त्याच्याकडून अपेक्षूं नये. मारिया मॉण्टेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत लांकडी चौकटींवर ताणलेलें कापड असे. एकीवर गुंड्या, दुसरीवर बंद, तिसरीवर नाडी. मूल टेबलाशीं बसून तीच क्रिया पुनःपुन्हां करी आणि मग स्वतःच्या अंगावर ती करून पाही. १९३९ सालीं त्या भारतांत आल्या आणि मद्रासच्या अड्यारमध्यें त्यांनीं शिक्षकांना शिकविलें. घरगुती पाळणाघरांत अशा चौकटी विकत घेण्याची जरुरी नाहीं. जुन्या पुठ्ठ्याला भोंकें पाडून त्यांत बुटाची नाडी ओंवली कीं दुपारचा अर्धा तास त्यांत जातो.

दाराजवळ हातभर उंचीपेक्षांहि कमी असें एक बुटकें बाक असावें. उभ्या उभ्या एका पायावर तोल सांभाळून बूट काढणें मोठ्यांनाहि जड जातें. तें मुलांकडून करून घेण्यांत काय हंशील? बाकासमोर फरशीवर रंगीत चिकटपट्टीची एक रेघ ओढावी. रेघेच्या अलीकडे बूट, पलीकडे पाय: एवढा नियम दोन वर्षांच्या मुलालाहि डोळ्यांनीं दिसतो आणि त्यासाठीं शब्द खर्चावे लागत नाहींत. भिंतीशीं खालच्या फळीवर प्रत्येकाची जागा असावी आणि तेथें नांवाऐवजीं चित्र असावें, एकाचा पोपट, एकाचा आंबा, एकाची आगगाडी. डावा-उजवा हा तर मुलांचा नित्याचा घोटाळा. एका चित्राचे दोन तुकडे करून एक अर्धा डाव्या बुटांत आणि दुसरा उजव्यांत चिकटवावा. जोड बरोबर मांडला म्हणजे चित्र पूर्ण होतें. जपानांत घरोघर दाराशीं पादत्राणें काढण्याची एक खालची पायरीच बांधलेली असते, आणि तेथील शाळांतून मुलें बाहेरचे बूट कप्प्यांत ठेवून आंतले हलके बूट चढवितात. तेथें हें शक्य होतें कारण इमारत बांधतांनाच त्या कप्प्यांना जागा दिलेली असते. आपल्याकडे जिन्यांत मांडलेली चपलांची मांडणी शेजाऱ्यांच्या वाटेंत येते आणि आग लागली तर पळणाऱ्यांच्याहि वाटेंत येते. म्हणून फळी दाराच्या आंतच, पण दार पूर्ण उघडेल अशी बसवावी.

या साऱ्या व्यवस्थेला सुरुंग लावतात ते मोठे लोक. सकाळीं घाईंत असलेले एखादे वडील कानाशीं फोन धरून, ‘काकू, दोनच मिनिटं हं’ म्हणत बुटासकट खोलीच्या मध्यापर्यंत जातात आणि डबा टेबलावर ठेवून येतात. ज्या मुलाला आपण कालच रेघ दाखविली तें हें सर्व पाहत असतें. त्यानें ‘बाबा, बूट!’ म्हणून ओरडलें तर त्याला उद्धट म्हणूं नये. खोलींत त्या क्षणीं तेंच एक नियम जाणणारें माणूस असतें. काकूंनीं पालकांना पहिल्याच दिवशीं, प्रवेशाच्या वेळींच, नियमाचा कागद द्यावा आणि त्यांत ‘मुलांनीं’ असें न लिहितां ‘येथें येणाऱ्या सर्वांनीं’ असें लिहावें. तो नियम घरच्या माणसांनाहि लागू असावा. काकूंचे चिरंजीव कचेरींतून येऊन चपलेसकट स्वयंपाकघरांत गेले कीं त्या कागदाची किंमत संपली.

‘सर्वांनीं’ या शब्दाला आणखी एक कारण आहे आणि तें जरा खोल आहे. या देशांत पायताण ही कधींच नुसती पायांतली वस्तु नव्हती. कित्येक गांवांतून दलित माणसाला, स्वतःस वरच्या म्हणविणाऱ्या जातींच्या आळींतून जातांना, वहाणा काढून हातांत घ्याव्या लागत. ज्या घरांनीं तें भोगलें त्यांची आठवण अजून गेलेली नाहीं. म्हणून ‘चपला बाहेर काढ’ हे शब्द कोणाच्या तोंडून, कोणाला आणि कोणत्या स्वरांत निघतात, याला फार महत्त्व आहे. मदतनीस बाईच्या चपला जिन्यांत आणि पालकांचे बूट फळीवर, अशी मांडणी जेथें असते तेथें मुलांना स्वच्छतेचा धडा मिळत नाहीं, दुसराच कांहीं धडा मिळतो. बाईच्या चपलांनाहि त्याच फळीवर, चित्रासकट, जागा असावी. तसेंच नियमाचें कारण सांगतांना ‘पाप लागतें’, ‘देव रागावतो’ असें सांगूं नये. पाळणाघरांत निरनिराळ्या घरांचीं, निरनिराळ्या रीतींचीं मुलें येतात; एखाद्याच्या घरीं आंत चपला घालण्याची पद्धत असेल. ‘बाळ रांगतें, त्याच्या हाताला घाण लागते’ हें कारण सर्वांना पटतें, आणि तें खरेंहि आहे. फळीवरच्या बुटांच्या किमतीविषयीं, फाटलेल्या पट्ट्यांविषयीं मोठ्यांनीं मुलांदेखत एक अक्षरहि काढूं नये. मुलें तें उचलतात आणि दुपारीं एकमेकांना ऐकवितात.

नियम सर्वांना सारखा असावा, परंतु पाय सर्वांचे सारखे नसतात. जन्मतः पाऊल आंत वळलेलीं मुलें असतात. अमेरिकेंतील आयोवा येथील डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीनें प्लास्टर घालून तीं पावलें सरळ करतात, आणि मग पाऊल पुन्हां वळूं नये म्हणून दोन बूट एका आडव्या पट्टीला जोडून मुलाला घालतात. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि पुढें साधारण चार वर्षांचें होईपर्यंत रात्रीं व दुपारच्या झोपेच्या वेळीं. म्हणजे ज्या वेळीं पाळणाघरांतील इतर सर्व मुलें अनवाणी चटईवर आडवीं होतात, नेमक्या त्याच वेळीं या मुलाच्या पायांत बूट चढले पाहिजेत. ‘अंथरुणांत बूट चालणार नाहींत’ असें म्हणून किंवा मूल कुरकुरतें म्हणून तीं एक-दोन तासांची झोप रोज बुटांवांचून गेली, तर महिन्यांचे श्रम वायां जातात आणि पाऊल पुन्हां वळूं लागतें. अशा मुलाच्या आईनें संकोच न करतां काकूंना सर्व सांगावें आणि बूट घालण्याची रीत हातांनीं करून दाखवावी. काकूंनींहि मुलाला घेण्यापूर्वीं तें आपल्याला जमेल का, याचा प्रामाणिक विचार करावा. बाकीचीं मुलें विचारतीलच: ‘त्याला का बूट?’ त्याचें उत्तर सरळ द्यावें: ‘त्याचे पाय निजतांना सरळ राहावेत म्हणून डॉक्टरांनीं दिले आहेत.’ मुलांना एवढें पुरतें. आठवड्याभरानें तींच पट्टी आणून देतील.

थंडीच्या दिवसांत आयांची तक्रार हमखास येते. ‘काकू, हिला सर्दी झाली आहे हो, आज बूट-मोजे काढूं नका.’ काकू म्हणतात, ‘अगं, सर्दी फरशींतून येत नाहीं, ती शेजारच्या शिंकेंतून येते. पण तुझ्या जिवाला घोर नको. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे आणून दे, ते घालीन.’ हें उत्तर चांगलें आहे. सर्दी विषाणूंमुळें होते, तळपायांतून चढत नाहीं, हें शास्त्र त्यांत आलें. आणि पुण्याच्या डिसेंबरांत सकाळची फरशी मुलाच्या तळव्याला खरोखरच झोंबते, हेंहि त्यांत मान्य झालें. वादांत जिंकून आईला दिवसभर काळजींत ठेवण्यापेक्षां ठिपक्यांचे मोजे स्वस्त पडतात. पीं-पीं वाजणाऱ्या बुटांच्या बाबतींत मात्र काकूंनीं मुळींच माघार घेऊं नये. पाळण्यांतील दोन तान्हीं महत्प्रयासानें निजलेलीं असतां तें संगीत कोणत्याहि तत्त्वानें समर्थनीय ठरत नाहीं.

संध्याकाळचा तास सकाळच्या तासाहून कठीण असतो. मुलें थकलेलीं, पालक थकलेले. याच वेळीं एकाचे बूट दुसऱ्याच्या पायांत जातात, आणि रात्रीं दोन घरांत फोन होतात. बुटाच्या आंत पक्क्या शाईनें लिहिलेलें नांव यावर पुरेसें आहे. आईनें घाईनें मुलाला उचलून, बूट पिशवींत टाकून निघूं नये. बाकावर बसून त्यानें दिवसांतून दुसऱ्यांदा तेच श्रम करावे, आणि तेवढीं चार मिनिटें तिनें शेजारीं बसून दिवसाची हकीकत ऐकावी. सायंकाळीं सहानंतर एखादें मूल मात्र स्वतःच बूट चढवून बसतें. त्याला न्यावयास येणारें माणूस अजून रहदारींत अडकलेलें असतें, बाकीचीं मुलें एकेक करून गेलेलीं असतात, आणि खोलींत खेळणीं पडलेलीं असूनहि तें बूट काढून रेघेच्या पलीकडे यावयास तयार नसतें. अशा वेळीं काकूंनीं त्याला आंत बोलावूं नये. हातांतलें काम ठेवून रेघेच्या अलीकडे, त्याच्याजवळ बाकावर बसावें आणि जिन्यावर कोणाचीं पावलें वाजतात तें दोघांनीं मिळून ऐकावें.